हात मांडीखाली

वकिलीच्या परीक्षेत मी लिहून आलो की, आरोपीबद्दल अनुमान निघत असेल तर न्यायालयाने त्याला सोडून द्यावे.

एका ओळीत लिहून थांबलो असतो तर तपासणाऱ्यानं, पोराचा हात घसरला असेल, म्हणून काणाडोळा केला असता. पण मी चांगली दोन-अडीच पानं लिहिली. अनुमान जितकं पक्कं तितकी सुटका लवकर, असा एक सिद्धान्तच मांडला आणि त्याच्याखाली पट्टी धरून रेघ ओढली. पेपर पुराव्याच्या कायद्याचा होता. निकाल काय लागला ते तुमच्या लक्षात आलंच असेल.

झालं होतं असं की, आमचे सर शिकवायचे इंग्रजीत आणि समजावून सांगायचे कानडीत. 'अनुमान बंदर बिडबेकु,' असं ते वर्गात म्हणाले. कानडीत अनुमान म्हणजे संशय. संशय आला तर सोडायला हवं, एवढी साधी गोष्ट. हुबळीत जन्मलेल्या पोराला हे ठाऊक नसेल कसं? चहाच्या गाड्यावर मी हा शब्द रोज याच अर्थानं वापरत होतो. पण वर्गात माझा हात पुढं धावत होता आणि कान मागं राहिला होता. हातानं 'अनुमान' लिहून घेतलं. परीक्षेच्या तोंडावर वही उघडली तेव्हा डोकं घरच्या भाषेत होतं. त्यानं तोच शब्द मराठीत वाचला. म्हणजे कानडीत ऐकलं, मराठीत वाचलं आणि इंग्रजीत नापास झालो.

माझ्या वडिलांचं अमरगोळच्या मार्केट यार्डात मिरचीचं अडत दुकान. दिवसभर लिलावात ओरडून झाल्यावर ते घरी फारसं बोलत नाहीत. "आणखी एकदा बस," ते म्हणाले. "या खेपेला नाही झालं तर वकिलीचं नाव काढायचं नाही. दुकानात यायचं." मला मिरचीच्या पोत्याकडं नुसतं बघूनही शिंका येतात. काळा कोट घालून पंख्याखाली उभं राहायचं, हे माझं आयुष्यातलं एकमेव ध्येय होतं, आणि ते त्या एका पेपरावर लटकलं होतं.

धारवाडच्या मळमड्डीत एक अक्का खोल्या भाड्यानं देतात, त्यांच्याकडं राहिलेली पोरं पास होतात, असं वडिलांना यार्डात कुणीतरी सांगितलं. हा ऐकीव पुरावा झाला, पण वडिलांना तो चालला.

अक्कांचं खरं नाव पोस्टमनला ठाऊक असावं. बाकी सगळ्या गल्लीच्या त्या अक्का. ठेंगण्या, इरकली नेसलेल्या, मनगटावर पुरुषी घड्याळ आणि तेही आतल्या बाजूला. त्या कोर्टात स्टेनो होत्या. साक्षी, युक्तिवाद, निकाल, सगळं शॉर्टहँडमध्ये उतरवून नोकरी संपवली आणि पेन्शन घेतली. मी बॅग घेऊन दारात उभा राहिलो तेव्हा त्यांनी माझं गाव, जात, जेवण यातलं काहीच विचारलं नाही.

"लिहितोस की ऐकतोस?"

"दोन्ही, अक्का."

"म्हणजे काहीच नाही. ये आत."

मला वाटलं, स्टेनोच्या घरी राहायला आलो, आता झकास नोट्स काढायला शिकू. बोलणाऱ्याच्या तोंडातून शब्द पडायच्या आधी कागदावर उतरवायची काहीतरी गुप्त विद्या ह्या देणार. मी मोठ्या उत्साहानं माझ्या नोट्सचा गठ्ठा त्यांच्यापुढं ठेवला. निरनिराळ्या रंगांची पेनं वापरली होती, अक्षर कोरीव होतं. वर्गातल्या मुली मागून न्यायच्या ते उगीच नव्हे.

अक्कांनी चष्मा पुसला आणि कोर्टात साक्ष वाचून दाखवतात तशा सपाट आवाजात वाचायला लागल्या.

"'हे फार महत्त्वाचे आहे.' काय महत्त्वाचं आहे?"

"ते... सर म्हणाले होते."

"'वरीलप्रमाणेच, पण उलट.' वर काय आहे?"

मी वाकून पाहिलं. वर चहाचा डाग होता.

"'तो म्हणतो त्याला अर्थ नाही.' तो म्हणजे कोण?"

"आठवत नाही, अक्का."

"अक्षर सुंदर आहे," गठ्ठा मिटत त्या म्हणाल्या, "पण तुझाच साक्षीदार तुझ्यावर उलटलाय."

मग त्यांनी मला स्वतःबद्दलची एक गोष्ट सांगितली. ती त्या प्रत्येक नव्या भाडेकरूला सांगत असत असं पुढं कळलं, पण प्रत्येक वेळी पहिल्यांदाच सांगितल्यासारखी. "मी अख्खी नोकरी लोकांचं बोलणं शब्दन्शब्द लिहून घेतलं. खून, दरोडे, भावाभावांची भांडणं. एक अक्षर सुटलं नाही. आणि संध्याकाळी घरी आले की आई विचारायची, आज काय झालं गं कोर्टात? मला सांगता यायचं नाही. कानातून निघालं ते थेट बोटांत. हुबळी-धारवाड नॉनस्टॉप बस. मधे डोकं म्हणून एक स्टॉप आहे, तिथं बस थांबायचीच नाही. मला त्याचा पगार होता. तुला कुणी देतं का?"

हे खरं होतं. त्यांचं बोट अजूनही चालायचं. टीव्हीवर बातम्या लागल्या की मांडीवरच्या पदरावर उजव्या हाताची तर्जनी आपोआप वळणं काढत राहायची. बातम्या संपल्यावर विचारावं, काय झालं अक्का, तर म्हणायच्या, "कुणास ठाऊक. लिहून घेत होते."

म्हणून त्यांच्या घरचा पहिला नियम: वर्गात हात मांडीखाली. तास चालू असताना पेन उघडायचं नाही. फक्त ऐकायचं. तास संपला की चालत घरी यायचं, वाटेत मोबाइल काढायचा नाही, आणि घरी आल्या आल्या जे ऐकलं ते अक्कांना सांगायचं. त्यानंतर पुस्तक न उघडता, ते पानाच्या एका बाजूला लिहायचं. मग पुस्तक उघडून जे सुटलं ते दुसऱ्या शाईनं भरायचं. "दुसरी शाई म्हणजे तुझी उधारी," त्या म्हणायच्या. "परीक्षेच्या आधी तेवढीच वाच. बाकीचं तुझ्या मालकीचं झालं."

सांगायला सोपं आहे. मी पहिल्याच दिवशी पुढच्या बाकावर दोन्ही हात मांडीखाली घालून बसलो आणि सरांच्या तोंडाकडं डोळे लावले. बाकी सगळी मान खाली घालून खरडतायत आणि मी एकटा बुद्धमूर्तीसारखा बघतोय. सर बोलता बोलता थांबले.

"एनप्पा, सिनेमा नोडाक बंदीयेन?"

सिनेमा बघायला नव्हतो आलो, पण अक्कांचं नाव सांगायचा धीर होईना. थंडी वाजतेय म्हणालो. एप्रिल महिना होता.

घरी सांगायचा कार्यक्रम स्वयंपाकघरात चालायचा. अक्का शेंगा मोडत किंवा लसूण सोलत बसायच्या आणि मी समोर पाटावर. त्या मधे मधे एकच शब्द बोलायच्या: "मुंदे?" म्हणजे पुढं? हा शब्द ऐकायला बिनविषारी आहे. पण तुम्ही एखादं कलम घाईघाईनं गुंडाळून जरा श्वास घेता आहात आणि समोरून शांतपणे 'मुंदे?' येतं, तेव्हा कळतं की पुढं तुमच्याकडं काही शिल्लक नाही. मोठमोठे शब्द त्यांना चालायचे नाहीत. पुस्तकातलं वाक्य जसंच्या तसं फेकलं की त्या शेंग मोडायची थांबवून म्हणायच्या, "हे पुस्तकाला कळलंय. तुला काय कळलंय ते सांग. घरातलं उदाहरण दे."

घरातलं उदाहरण देण्यावरनं एकदा मोठं प्रकरण झालं. विषय होता ऐकीव पुरावा. मी रंगात आलो होतो. म्हणालो, "समजा अक्का, शेजारच्या वैनी मला म्हणाल्या की, तुम्ही त्यांच्या झाडाच्या शेवग्याच्या शेंगा पहाटे काढून नेता. मी कोर्टात जाऊन तसं सांगितलं, तर ते चालणार नाही. कारण मी स्वतः पाहिलेलं नाही. वैनींनाच येऊन सांगावं लागेल."

"त्या खरंच असं म्हणाल्या?"

"नाही हो, समजा."

"मुंदे?"

पुढं काही सांगायची वेळच आली नाही. भिंतीपलीकडून वैनींचा आवाज आला, "मी असं कधी म्हणाले रे? आणि काय हो अक्का, म्हणजे त्या शेंगा तुम्हीच नेताय तर!" समजा, समजा, असं मी भिंतीकडं तोंड करून ओरडत राहिलो. वैनींनी मला स्वतः साक्ष द्यायला दारात बोलावलं. पुढं बरेच दिवस दोन्ही घरांतलं बोलणं बंद होतं आणि विरजण मागायला मला लांबच्या घरी जावं लागायचं.

अक्का मात्र खूश होत्या. "हे कलम आता तू जन्मात विसरणार नाहीस."

आणि नाहीच विसरलो. मध्यंतरी पुराव्याचा कायदाच नव्या नावानं आला, कलमांचे आकडे इकडचे तिकडे झाले. बाररूममधले भले भले घोकून ठेवलेले आकडे घेऊन हवालदिल बसलेले मी पाहिलेत. माझ्या डोक्यात आकडा नव्हताच. तिथं शेवग्याच्या शेंगा होत्या, आणि त्यांचा क्रमांक कुणाला बदलता येत नाही. (शेंगा अक्काच नेत होत्या, हेही नंतर सिद्ध झालं.)

अक्का अर्धं मराठी, अर्धं कानडी बोलायच्या आणि दोन्ही भाषा एकमेकींवर घासून धार लावायच्या. 'अनुमान'ची माझी फजिती ऐकून त्या पोट धरून हसल्या, डोळे पुसले, आणि मग म्हणाल्या, "दुसरा शब्द ऐक. अभ्यास. मराठीत अभ्यास म्हणजे परीक्षेच्या आधीचा महिना. कानडीत अभ्यास म्हणजे सवय. माझ्या घरात राहायचं तर अभ्यास कानडीत करायचा."

या सवयीचं वेळापत्रक त्यांनी कागदावर कधी लिहिलं नाही. ते घराला जोडलेलं होतं. आज जे सांगितलं ते उद्या सकाळी दूध तापताना पुन्हा सांगायचं. मग आठवडी बाजाराला पिशवी धरून त्यांच्यामागं चालताना. आणि शेवटी गॅसची टाकी बदलली की. टाकी लागल्यापासून संपेपर्यंत जेवढं शिकलो तेवढं सगळं त्या दिवशी सांगायचं. आमच्या घरात गॅसवाल्याची गाडी आली की लोकांना आनंद होतो. अक्कांकडं ती भोंगा वाजवत कोपऱ्यावर वळली की शेजारच्या खोलीतला शेतकी कॉलेजचा पोरगा मागच्या दारानं पसार व्हायचा.

मी त्याच्याहून हुशार. मला वाटलं, टाकी उशिरा संपली तर परीक्षा उशिरा. म्हणून अक्का देवपूजेला बसल्या की मी हळूच जाऊन डाळीखालचा जाळ बारीक करायचो. दोनतीन दिवस डाळ शिजेना. अक्का डाळीला नावं ठेवीत होत्या, दुकानदाराला नावं ठेवीत होत्या, कुकरच्या रबराला नावं ठेवीत होत्या. मी मान डोलावत तीच कच्ची डाळ जेवत होतो. चौथ्या दिवशी पोटात असा मुरडा आला की मी आपण होऊन कबुलीजबाब दिला.

अक्कांनी ओवा आणि मीठ दिलं, मी चावून गिळेपर्यंत थांबल्या, आणि विचारलं, "पोलिसांपुढचा कबुलीजबाब आणि मॅजिस्ट्रेटपुढचा कबुलीजबाब, फरक काय?"

"अक्का, पोट दुखतंय हो!"

"मुंदे?"

त्यांच्यावर आंधळा विश्वास ठेवावा अशाही त्या नव्हत्या. लिहून ठेवायचं नाही हा नियम त्यांनी किराण्यालाही लावला होता. "हात पेन्शनीत गेलाय," म्हणायच्या. यादी डोक्यात घेऊन बाजारात जायच्या आणि रव्याऐवजी साबण आणायच्या. मी दात काढले की शांतपणे म्हणायच्या, "साबणही संपत आला होता." घरात साबणाची चळत होती, रवा मात्र पाहुणे आले की वैनींकडून आणावा लागायचा, म्हणजे बोलणं चालू असेल तर.

परीक्षा जवळ आली तसा माझा धीर सुटला. रंगीत नोट्स गेल्या होत्या, हातात काही जाडजूड धरायला नव्हतं. ज्याच्याकडं जाडजूड काही नाही त्या विद्यार्थ्याची अवस्था काय असते ते विद्यार्थ्यालाच ठाऊक. एके दिवशी कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानातून मी कुण्या पहिल्या आलेल्या मुलीच्या नोट्सची प्रत आणली आणि गादीखाली लपवली. वाचली नाही. नुसतं त्यावर झोपून बरं वाटत होतं.

दोन दिवसांनी कॉलेजातून आलो तर गादी उन्हात आणि गच्चीवर त्या झेरॉक्सच्या पानांवर सांडगे वाळत घातलेले. ओळीनं. कबुलीजबाबावर एक रांग, मृत्युपूर्व जबानीवर दोन.

माझा तोल गेला. अक्कांपुढं मी आवाज चढवला तो तेवढा एकदाच. "तुम्हाला काय होतंय, अक्का? तुमची नोकरी झाली, पेन्शन चालू आहे. मी परत नापास झालो तर माझे वडील मला मिरचीत बसवतील! जन्मभर! कळतंय का तुम्हाला?"

अक्का सांडग्यांवरचा कावळा हाकलत होत्या. खाली गेल्या. मला वाटलं, आता बॅग बाहेर येणार. मी गच्चीच्या कठड्याला टेकून, दुसरीकडं खोली बघावी की थेट अमरगोळ गाठावं, याचा विचार करत होतो. एवढ्यात त्या वर आल्या. हातात कोऱ्या कागदांचं पॅड होतं आणि दोन्ही बाजूंनी टोक केलेली पेन्सिल.

"बैस. बोल."

"काय बोलू?"

"पुराव्याचा कायदा. पहिल्यापासून. पुस्तक नाही, कागद नाही. मी लिहून घेते."

ज्या बाईनं नोकरी सुटल्यापासून दुधाचा हिशेबसुद्धा लिहिला नव्हता, ती गुडघ्यावर पॅड घेऊन बसली. मी बोलायला लागलो. आधी रागानं, मग अडखळत, मग जरा जमून. त्यांची पेन्सिल कागदावर आवाज न करता चालत होती. मी थांबलो की ती थांबायची. मी जेवढा वेळ गप्प, तेवढी जागा अक्का कागदावर कोरी सोडायच्या. आणि माझ्याकडं बघायच्या नाहीत. त्या दिवशी 'मुंदे?' एकदाही म्हणाल्या नाहीत. ऊन कठड्यावरून उतरून सांडग्यांवर आलं, सांडग्यांवरून पलीकडं गेलं. माझा घसा बसला.

मग त्यांनी ते वाचून दाखवलं. त्याच सपाट आवाजात. माझंच बोलणं, पण तिऱ्हाइताचं असल्यासारखं. कोरी जागा आली की म्हणायच्या, "इथं साक्षीदार गप्प." पुढं वाचायच्या. पुन्हा, "इथं साक्षीदार गप्प." एका ठिकाणी म्हणाल्या, "इथं साक्षीदार खोकला," आणि मी मान खाली घातली, कारण तो खोकला खोटा होता.

तोपर्यंत मला वाटत होतं की मला काहीच येत नाही. आणि त्याच्या आधीच्या वर्षी वाटत होतं की सगळं येतं. आपल्याला नेमकं काय येत नाही हे मला आयुष्यात पहिल्यांदा त्या गच्चीवर कळलं. ते फार नव्हतं. त्या कोऱ्या जागांपुरतं होतं. राहिलेले दिवस मी तेवढंच वाचलं.

खाली उतरताना अक्का उजव्या हाताची बोटं डाव्या हातानं चोळत होत्या. मी विचारलं, "दुखतायत?"

"छे. सवय मोडलीय." मग जिन्यात जरा थांबल्या. "पण आज काय लिहिलं ते माझ्या लक्षात आहे, बघ. सगळं."

मी पुष्कळ ठिकाणी लांबलचक बोललोय त्यानंतर. ऐकून घेणारं तसं माणूस पुन्हा मिळालं नाही.

अक्का आजही मळमड्डीत आहेत. आता मुलं टॅब घेऊन येतात. तास रेकॉर्ड करतात आणि अक्कांना अभिमानानं सांगतात की एक शब्द सुटत नाही. अक्का म्हणतात, "छान. म्हणजे आता ऐकायचं कामही त्यालाच. तू कशाला भाडं भरतोस? त्याला ठेव इथं." तरी पोरं टिकतात. मधे मी गेलो तेव्हा नर्सिंगची एक मुलगी पाटावर बसून किडनीचं काम सांगत होती आणि अक्का चहाची गाळणी हातात धरून 'मुंदे?' म्हणत होत्या.

त्या वर्षी माझा निकाल लागला तो मी त्यांच्याच अंगणात मोबाइलवर पाहिला. पास. गुणही मागून घेतल्यासारखे नव्हते, चांगले स्वतःचे होते. वडिलांना फोन केला. ते "हां" म्हणाले आणि फोन ठेवला. लिलाव चालू असणार.

पण दुपारी ते स्वतः दुकानाचा टेम्पो घेऊन मळमड्डीत हजर. धुतलेला शर्ट, हातात अक्कांसाठी मिरचीची पिशवी. मी वडिलांना यार्डाचा बाजार टाकून कुठं आलेलं पाहिलं नव्हतं. माझा ऊर भरून आला. दोघांना खुर्च्या दिल्या, शिंका आवरत चहा आणला आणि बाजूला नम्रपणे उभा राहिलो. माझ्या कौतुकाच्या वेळी मला बसून राहणं बरं दिसलं नसतं.

वडिलांनी अक्कांना हात जोडले. "अक्का, तुमचे उपकार फेडता यायचे नाहीत. त्याच्या पेपरच्या दिवशी मी दुकान उघडलं नाही. देवापुढं बसून होतो."

मला हे ठाऊक नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं. थोडं मिरचीचंही असेल.

"एकुलता एक मुलगा वकील होणार," अक्का म्हणाल्या. "आनंद आहे. पण दुकान पुढं कोण बघणार, याची रुखरुख लागली असेल ना तुम्हाला?"

"रुखरुख?" वडिलांनी बशी खाली ठेवली. "गेल्या हंगामात ह्याला सकाळभर काट्याजवळ बसवला होता, अक्का. ब्याडगी मिरचीची पोती ह्यानं गुंटूरच्या ढिगात ओतली आणि वर शेतकऱ्याला म्हणतो, दोन्ही लालच आहेत की. नापास झालास तर दुकानात ये, असं मी रागाच्या भरात बोलून बसलो, आणि तेव्हापासून माझी झोप उडाली होती." त्यांनी माझ्याकडं एकदा पाहिलं आणि पुन्हा अक्कांकडं वळले. "हा पास झाला ते राहू द्या हो. माझं दुकान वाचलं."